गाजर, घोषणा आणि ‘आपण’
सदर : खडू-फळा

गाजर खाल्लं की डोळे चांगले राहतात, हे आपण सगळ्यांनी आईकडून ऐकलं आणि आता आपल्या मुलांना ऐकवतो. खरं आहे ते, निदान अर्धं. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि गाजरातून ते जीवनसत्त्व मिळतं. पण ज्याच्या अंगात ते आधीच पुरेसं आहे, त्यानं टोपलीभर गाजरं खाल्ली तरी त्याला अंधारात जास्त दिसू लागत नाही. इंग्लंडमध्ये मात्र युद्धाच्या काळात लहान असलेली अख्खी पिढी गाजरानं अंधारात दिसतं असं मानून मोठी झाली, आणि त्यांना हे सांगणारी त्यांची आई नव्हती. सरकार होतं.

गोष्ट अशी. १९४० च्या नोव्हेंबरात जॉन कनिंगहॅम या वैमानिकानं काळोख्या रात्री एक जर्मन विमान पाडलं. त्याच्या विमानात रडार बसवलेलं होतं आणि ते गुपित होतं. मग वर्तमानपत्रांतून वाचायला मिळू लागलं की या वैमानिकाची नजर मांजरासारखी आहे, आणि आपले वैमानिक गाजरं फार खातात. ‘कॅट्स आइज’ हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटलं. त्याच सुमारास अन्नखात्यालाही गाजरं खपवायचीच होती. साखर, लोणी, मांस सगळं रेशनवर. गाजरं मात्र मुबलक. हातात औषधाची बॅग घेतलेलं ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं हसरं गाजर चित्रांतून घरोघरी पोचलं. रात्री दिवे बंद ठेवायचा हुकूम, रस्त्यावर माणसं ठेचकाळतायत, अशा वेळी अंधारात दिसेल म्हटल्यावर कोण नको म्हणेल? जर्मन या कथेला भुलले याचा काही पुरावा नाही. इंग्रज मात्र भुलले, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. गाजराचा हलवा करायला साखर नव्हती एवढंच दुःख.

हे सदर नियमित वाचणाऱ्यांना माहीत आहे, की मी सांगलीच्या एका शाळेत सात वर्षं आठवी-नववीला इतिहास शिकवला. आता माझा वर्ग म्हणजे स्लाऊमधल्या घरातलं जेवणाचं टेबल आणि विद्यार्थिनी एक, इयत्ता इथल्या हिशोबानं सहावी. या सत्रात त्यांना दुसरं महायुद्ध आहे. शाळेतून आलेल्या कागदांत ते हसरं गाजर होतं. ते बघून लेकीनं विचारलं, “आई, म्हणजे सरकार खोटं बोलत होतं?” हो म्हणावं तर जीवनसत्त्वाची गोष्ट खरी, नाही म्हणावं तर रडार लपवलं होतं. तिला दिलेलं उत्तर इथं जरा पसरून लिहिते, कारण हा प्रश्न आता फक्त मुलांचा राहिलेला नाही.

आपल्याकडे ‘प्रचार’ हा साधा शब्द आहे. निवडणुकीचा प्रचार, साक्षरतेचा प्रचार. ‘प्रोपगंडा’ म्हटलं की मात्र आपण नाक मुरडतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फांदी मातीत दाबून नवं रोप तयार करणं, म्हणजे दाबकलम, असा होतो. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२२ साली धर्मप्रसारासाठी एक मंडळ नेमलं, त्याच्या नावात हा शब्द होता, आणि तिथून तो जगभर गेला. कलमाची उपमा मला फार पटते. रोप आपल्याच मातीत वाढतं, आपणच त्याला पाणी घालतो. फांदी कुणी आणून दाबली ते काही दिवसांनी आठवतसुद्धा नाही.

या कलमांची पहिली सोपी यादी केली ती शिक्षकांनीच, याचा मला थोडा अभिमान आहे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये एक संस्था निघाली, इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस. क्लाइड मिलर हे कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयातले प्राध्यापक तिच्या मुळाशी होते, आणि पैसा दिला बॉस्टनच्या एडवर्ड फाइलीन या दुकानदारानं. त्यांनी सात युक्त्या सांगितल्या आणि शाळांतून त्या शिकवल्या जाऊ लागल्या. एखाद्याला वाईट नाव चिकटवणं. भव्य आणि पोकळ शब्द वापरणं. झेंडा, देव, आईबाप यांचं तेज उसनं घेणं. मोठ्या माणसाची साक्ष काढणं. ‘मी तुमच्यातलाच’ म्हणणं. सोयीचे पत्ते वर आणि गैरसोयीचे खाली ठेवणं. आणि शेवटी, ‘सगळे निघाले, तुम्हीच मागे राहिलात’. अमेरिका युद्धात उतरली त्याच सुमारास ही संस्था बंद झाली. युद्ध करणाऱ्या कुठल्याही सरकारला असला वर्ग चालू राहणं परवडत नसावं, असं माझं मत आहे.

सातही युक्त्या मी इथं समजावत बसत नाही. त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवरच सापडतात, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

आमच्या स्लाऊमध्ये स्टेशनजवळ हॉर्लिक्सचा कारखाना होता, १९०८ पासूनचा. आता त्या जागी फ्लॅट झालेत, पण ती जुनी विटांची इमारत ठेवली आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चला, ओळखीचं कुणी तरी भेटलं. माझ्या लहानपणी सांगलीत हॉर्लिक्स म्हणजे अंगात ताकद, अभ्यासात हुशारी आणि आजारी माणसाला भेटायला जाताना हातात घ्यायची बाटली. इथं आल्यावर शेजारच्या आजींकडे बघते तर त्या रात्री झोपण्यापूर्वी हॉर्लिक्स घेतात, झोप छान लागावी म्हणून! एकच भुकटी. तिकडे पोराला उंच आणि तल्लख करते, इकडे आजीला झोपवते. १९३० च्या दशकात इथल्या जाहिरातींनी ‘नाइट स्टार्व्हेशन’ नावाचा एक आजारच शोधून काढला होता. रात्री झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी थकवा येतो, आणि त्यावर इलाज अर्थातच एक कप हॉर्लिक्स. असा आजार कुठल्या डॉक्टरी पुस्तकात नव्हता. आधी आजाराला नाव द्यायचं, मग औषध विकायचं. युक्ती किती जुनी आहे बघा, आणि आजही केस, त्वचा, गुडघे यांच्यासाठी रोज नवं नाव येतं.

या गोष्टीला आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांसाठी एक खास शेपूट आहे. २००८ साली इथल्या एका नेपाळी वाहिनीवर हॉर्लिक्सची एक जाहिरात दिसली : हे प्यायल्यानं मुलं उंच, सशक्त आणि तल्लख होतात. इथल्या जाहिरात नियामकांनी ती बंद करायला लावली, कारण इतकं बोलायला पुरेसा पुरावा नव्हता. कंपनीचं म्हणणं असं की ती जाहिरात बांगलादेशातल्या प्रेक्षकांसाठी होती, इथं चुकून दाखवली गेली. म्हणजे जे वाक्य ब्रिटनमधल्या आईला ऐकवता येत नाही, ते ढाक्यातल्या आईला ऐकवायला हरकत नव्हती. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तरीच तू पाच फुटांवर थांबलीस.”

साक्ष काढण्याचं उदाहरण आणखी मजेदार आहे. ‘ऐंशी टक्क्यांहून जास्त दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात’ अशी जाहिरात इथं होती. २००७ साली नियामकांनी तीही थांबवली. आकडा कुणी मनानं रचला नव्हता. पाहणीत डॉक्टरांना एकाहून जास्त ब्रँडची नावं घ्यायची मुभा होती, आणि दुसऱ्या एका ब्रँडलाही जवळजवळ तितकीच मतं होती. आपण मात्र वाचताना समजतो, की दहातले आठ डॉक्टर हीच वापरा म्हणतात आणि बाकीच्या सगळ्यांना मिळून उरलेले दोन. खोटं कुणीच बोललं नाही. चुकीचा हिशोब आपल्याच डोक्यात झाला, आणि तो तसा व्हावा अशीच वाक्याची बांधणी होती.

लेकीला मी हेच सांगितलं. खोटं पकडता येतं. इथं बहुतेक वेळा पकडायला खोटं सापडतच नाही, खऱ्याची मांडणी सापडते.

राजकारणात शिरते आता. मंडळात सगळ्या रंगांची माणसं आहेत, म्हणून उदाहरणं जपून आणि दोन्ही बाजूंची घेते.

१९७८ साली साची अँड साची या कंपनीनं हुजूर पक्षासाठी एक पोस्टर केलं. बेकारी कचेरीबाहेर माणसांची लांबच लांब वळणावळणाची रांग, आणि वर शब्द : ‘लेबर इजन्ट वर्किंग’. मजूर पक्ष चालत नाही आणि मजुरांना काम नाही, दोन्ही अर्थ तीन शब्दांत. भाषा म्हणून मी टोपी काढते. पण रांगेतली माणसं बेकार नव्हती. ते हेंडनचे पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते, आणि ठरल्यापेक्षा फारच थोडे आले म्हणून त्याच वीसेक जणांचे पुन्हापुन्हा फोटो घेऊन रांग लांबवली होती. देशात तेव्हा दहा लाखांहून जास्त बेकार खरोखरच होते, तेही लक्षात ठेवायला हवं. पुढच्या वर्षी तो पक्ष निवडून आला आणि काही वर्षांतच बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. तेव्हा रांग लांबवायला फोटोची गरज नव्हती.

२०१६ ची लाल बस आपण सगळ्यांनीच पाहिली. आठवड्याला साडेतीनशे दशलक्ष पौंड आपण युरोपला पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ या. त्या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, आणि ती सूट तर पैसे पाठवायच्या आधीच कापली जायची. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानं हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं जाहीरपणे म्हटलं. दुसऱ्या बाजूनं काय केलं? अर्थखात्यानं सांगितलं, बाहेर पडलो तर प्रत्येक कुटुंबाचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान. हा आकडा कुठल्या कुटुंबाच्या पगारातला नव्हता. २०३० साली देशाचं उत्पन्न अमुक वाढलं असतं, ते तमुकच वाढेल, हा फरक कुटुंबांच्या संख्येनं भागला की हे उत्तर येतं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्या खात्यातून ४,३०० पौंड गेले. नववीच्या गणितात मी त्याला पायऱ्यांचे गुण कापले असते.

बसच्या आकड्याचं एक वेगळंच वैशिष्ट्य होतं. विरोधक रोज टीव्हीवर येऊन सांगत, आकडा साडेतीनशे नाही, खूप कमी आहे. ते जितकं ओरडून सांगत तितका साडेतीनशे लोकांच्या डोक्यात पक्का बसे, आणि वाद ‘किती’वर रंगल्यामुळे ‘द्यावेत की नाही’ आणि ‘त्या बदल्यात काय मिळतं’ हे प्रश्न मागेच पडले. खोडून काढणं हासुद्धा प्रचाराचाच एक हप्ता होऊन बसतो. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी काही भलतंच टाकलं की मी हल्ली ते वाक्य पुन्हा लिहून ‘हे खोटं आहे’ असं म्हणत नाही. खरी गोष्ट काय ती आधी लिहिते.

आता एक शब्द, ज्यासाठी मी इतका वेळ थांबले होते. ‘आपण’.

१९३९ साली युद्ध सुरू होताना ब्रिटिश सरकारनं तीन पोस्टरं केली. त्यांतलं तिसरं, ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, आज प्रत्येकाच्या घरी कपावर आहे. गंमत म्हणजे युद्धात ते जवळजवळ कुणी पाहिलंच नाही. सुमारे पंचवीस लाख प्रती छापल्या, त्यांतल्या बहुतेक लगद्यात गेल्या, आणि २००० साली उत्तरेकडे अ‍ॅनिक इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक घडी केलेली प्रत सापडली, तेव्हापासून ते गाजतंय. भिंतींवर खरोखर लागलं ते पहिलं पोस्टर. त्याचा आशय असा : तुमचं धैर्य, तुमची आनंदी वृत्ती, तुमचा निश्चय आम्हाला विजय मिळवून देईल. लोक चिडले. तुमचं धैर्य, आणि विजय आम्हाला? म्हणजे मरायचं आम्ही आणि जिंकायचं साहेबांनी? सरकारला तसं म्हणायचं नव्हतं. इंग्रजीत ‘अस’ या एका शब्दात ऐकणारा आहे की नाही ते कळतच नाही, तिथं घोटाळा झाला. मराठीत तो झाला नसता, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’ म्हटलं की बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याला हात धरून शेजारी बसवलेलं असतं. मराठीतला पट्टीचा वक्ता भाषणात किती वेळा ‘मी’वरून ‘आपण’वर जातो ते मोजून बघा. काम आपण करायचं असतं. श्रेयाच्या वेळी बघावं, ‘मी’ परत आलेला असतो. आणि ‘आपण’ आलं की पाठोपाठ ‘ते’ येतात. ते कोण, हे सांगायचीही गरज उरत नाही.

युद्धात हा ‘आपण’ घरात घुसतो. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, सप्टेंबर १९१४ मध्ये, लंडनच्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अल्फ्रेड लीट या चित्रकारानं लॉर्ड किचनर यांना बोट रोखून उभं केलं. हे किचनर म्हणजे हिंदुस्थानात सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनशी भांडलेले तेच. कुठूनही बघा, बोट आपल्याकडेच. ते निदान सरळ बोलावणं होतं. १९१५ चं सॅव्हिल लुमली यांचं चित्र मला जास्त भयंकर वाटतं. खुर्चीत बाप बसलाय, मांडीवर मुलगी, जमिनीवर मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय. मुलगी विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? युद्ध तर अजून चालू होतं! सक्तीची भरती व्हायची होती, अजून स्वेच्छेनं नाव नोंदवायचं होतं. म्हणजे न जन्मलेल्या मुलांना बापाला लाजवायच्या कामी लावलं. त्याआधीच, ऑगस्ट १९१४ मध्ये, फोकस्टन गावात एका निवृत्त नौसेनाधिकाऱ्यानं तीस बायका गोळा करून साध्या कपड्यांतल्या तरुणांना पांढरं पीस द्यायला लावलं होतं. पांढरं पीस म्हणजे भ्याडपणाची खूण, आपल्याकडच्या बांगड्यांच्या आहेरासारखं. रजेवर आलेल्या, जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनाही पिसं मिळाली. हे काम बायकांकडून करून घेतलं, याचा मला वर्गात शिकवतानाही राग यायचा.

पण या सगळ्याची खरी किंमत कळते ती एका वेगळ्या गोष्टीतून. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं बेल्जियममध्ये हजारो निःशस्त्र नागरिक मारले, लुव्हाँचं विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. हे घडलं होतं. लिहायला एवढं पुरेसं होतं. पण मे १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारनं जो ब्राइस अहवाल काढला, त्यात खऱ्या गोष्टींत शपथेवर न घेतलेल्या, न तपासलेल्या, अंगावर काटा आणणाऱ्या साक्षीही मिसळल्या, आणि तो अनेक भाषांत छापून जगभर वाटला. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या मोठ्या वर्तमानपत्रांत आलं, की जर्मन आपल्याच मृत सैनिकांची प्रेतं एका कारखान्यात उकळून चरबी काढतात. मूळ जर्मन शब्द होता ‘काडावर’, जो त्या भाषेत जनावराच्या मढ्याला वापरतात. युद्ध संपलं. १९२५ साली परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये मान्य केलं की त्या कथेला आधार नव्हता. १९२८ साली आर्थर पॉन्सन्बी या खासदारानं युद्धातल्या अशा खोट्या कथांवर एक पुस्तकच लिहिलं. लोकांनी डोक्याला हात लावला : पुन्हा म्हणून फसायचं नाही.

मग १९४२ उजाडलं. पोलंडमधून बातम्या येऊ लागल्या, की ज्यूंना गाड्यांत भरून नेतात आणि वायूनं मारतात. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता समितीचे प्रमुख कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी या बातम्यांवर शेरा मारला, त्याचा आशय असा की मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या कथेची आठवण होते, आणि ती तर धादांत खोटी निघाली होती. या वेळी बातमी खरी होती. अविश्वासाला आणखीही कारणं होती, ज्यूद्वेष होताच. पण १९१७ साली ज्यांनी ती कथा छापली, त्यांनी पंचवीस वर्षांनंतरच्या माणसांची साक्ष आधीच खोटी पाडून ठेवली होती.

आखातातले आपले वाचक म्हणतील, आमची गोष्ट विसरलात. नाही विसरले. ऑक्टोबर १९९० मध्ये पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीनं वॉशिंग्टनला रडत रडत सांगितलं, इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचेच्या पेट्यांतून तान्ही बाळं काढून जमिनीवर टाकली. सगळं जग हळहळलं. जानेवारी १९९२ मध्ये उघड झालं, की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती. बाळांच्या कथेला पुरावा मिळाला नाही. माझी एक मावशी तेव्हा कुवेतला होती. बगदाद, मग अम्मान, तिथून विमानानं मुंबई, असं दोन मुलांना घेऊन हातातल्या बॅगेनिशी आली. लुटलेली दुकानं, दारात आलेले बंदूकधारी, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. ती बाळांची कथा खोटी ठरल्यावर लोक तिलाही विचारू लागले, “म्हणजे तसं फार काही झालं नव्हतं ना?” मावशी अजून चिडते, आणि बरोबर चिडते.

आता गेल्या मे महिन्याबद्दल, म्हणजे २०२५ च्या. पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, त्यांत डोंबिवली, पनवेल, पुण्याची माणसं होती. आपल्यातल्या काहींच्या ओळखीची घरं. दुःख खरं होतं, संताप खरा होता. मग ७ मेपासून चार दिवस फोन हातातून सुटत नव्हता. ८ तारखेच्या रात्री भारतातल्या काही मोठ्या वाहिन्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं; ते झालेलं नव्हतं. पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरून आपल्या हवाई दलाचा पराक्रम म्हणून जी चित्रफीत फिरली, ती ‘आर्मा’ नावाच्या व्हिडिओ गेममधली निघाली. आणि त्याच दिवसांत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत तोफगोळ्यांनी माणसं खरीच मरत होती. ती बातमी कमी फिरली.

आमच्या शेजारचं कुटुंब मीरपूरचं. त्यांची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, एकीच्या आजारपणात दुसरीची आई दोघींना शाळेत सोडते. मी त्यांना बाजी म्हणते, त्या मला दीदी. त्या चार दिवसांत आम्ही शाळेच्या फाटकापाशी एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवल्या. मुलींनाही कळलं. पाचव्या दिवशी पाऊस होता, बाजींनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि विचारलं, “घरी सगळे ठीक?” मग त्यांच्याकडे चहा झाला. बोलता बोलता त्यांनी फोन पुढे केला. रात्रीचं आकाश, त्यात खालून वर जाणाऱ्या ठिणग्यांच्या रेषा, एक स्फोट. तीच, अगदी तीच चित्रफीत माझ्या फोनवर दोन दिवस आधी आली होती. माझ्याकडे खाली मराठीत होतं, आपण त्यांची विमानं पाडली. त्यांच्याकडे उर्दूत होतं, आपण त्यांची विमानं पाडली. ‘आपण’ आणि ‘ते’ तेवढे बदलले होते. आतून बाजींचा थोरला मुलगा आला, एक क्षण बघितलं, म्हणाला, “अम्मी, हा तर गेम आहे,” आणि बिस्किटं घेऊन गेला. त्याच्या वयाच्या पोरांना आकाशाच्या रंगावरून कळतं म्हणे.

बाजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या भावानं पाठवलं होतं. त्याला काय सांगू?” हा प्रश्न खरा अवघड. पाठवणारा परका असता तर सोपं होतं. आपल्याकडे पाठवतात ते काका, आत्या, मोठे दीर, ज्यांनी आपल्याला कडेवर घेतलं. ‘हे खोटं आहे’ म्हणावं तर उलट उत्तर केल्यासारखं होतं, आणि दोन वेळा तसं झालं की तिसऱ्यांदा ते आपल्याला वगळून नवा ग्रुप काढतात. मी मोठ्यांना आता एकच विचारते, तेही ग्रुपवर नाही, फोन करून : “काका, हे कुणी काढलंय, कधीचं आहे, तुम्हाला कुणी पाठवलं?” आमच्या काकांनी पहिल्यांदा “मला काय माहीत” म्हणून फोन ठेवला. आता काही पाठवताना वर लिहितात, “खात्री नाही, जोशी मास्तरांकडून आलं.” यापेक्षा जास्त मी पंचाहत्तरीच्या माणसाकडून मागणार नाही. बाजींच्या भावाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक निरोप देऊन थांबते. जानेवारीत मंडळाच्या तिळगूळ समारंभात जेवणाआधी एक तास मला दिला आहे. व्याख्यान नाही, घाबरू नका. प्रत्येक घरानं आपल्याकडची एक चीज आणायची : जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, डब्यावरचं लेबल किंवा फोनवर आलेला एखादा निरोप. मुलं आणि आजी-आजोबा एका टेबलावर बसतील, पालक मागे उभे राहतील आणि मध्ये बोलणार नाहीत. प्रश्न तीनच, काकांना विचारते तेच. फळा आणि खडू माझ्याकडे आहे. बाजींना बोलावलं आहे, त्या येते म्हणाल्यात, आणि थोरल्यालाही आणणार आहेत, गेम ओळखायला. गाजराच्या वड्या मी करून आणीन.